हवालदाराची शिदोरी

दुपारी मला झोप लागतच नाही, असं मी गेली तीस वर्षं सांगते आहे, आणि आमचे हे गेली तीस वर्षं माझ्या घोरण्याची नक्कल करून दाखवताहेत. आजही मी नुसती आडवी झाले आहे. वैशाख आहे. सांगलीचं ऊन शेजारच्या पत्र्यावर तडतडतंय. जेवणं आटोपलीत, ओटा पुसून झालाय, आणि दिवाणाखालून कुर्रकुर्र आवाज येतोय. हवालदार दिवाणाचा पाय खातोय.

हवालदार म्हणजे कुत्रा, कांचनआक्कांचा. कांचनआक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. कुपवाडच्या एमआयडीसीत एका रबराच्या कारखान्यात त्या एकतीस वर्षं माल तपासायला होत्या. लग्न केलं नाही, आमच्याच वरच्या मजल्यावर राहिल्या. कारखान्याच्या फाटकापाशी पहारेकऱ्याच्या खुर्चीखाली सापडलेलं पिल्लू त्यांनी नायलॉनच्या पिशवीतून घरी आणलं, तेव्हा मी दोन महिने त्यांच्याशी धड बोलले नव्हते. आमचं जैनाचं घर. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही, आणि यांनी कुत्रं आणलं. त्याला सहा वर्षं झाली. आक्कांना जाऊन आता आठ महिने झालेत, आणि ते कुत्रं जिना उतरून माझ्याकडे आलंय. हाडूक त्याला मिळत नाही, चामड्याची कांडी घरात चालत नाही, म्हणून ते समोर येईल ते चावतं. माझ्या चार चपला झाल्या, टीव्हीचा रिमोट झाला, ह्यांच्या चष्म्याची काडी झाली. आता दिवाण.

म्हणून आज पाच वाजता तासगावहून नेमगोंडा येणार आहेत. ह्यांचे जुने मित्र, द्राक्षबागायतदार, बेदाण्याची मोठी शेड आहे त्यांची. ते हवालदाराला जीपमधून घेऊन जातील. शेडपाशी साखळीला राहील, राखण करील, मोकळी हवा खाईल. निर्णय माझा. ह्यांनी नुसती मान हलवली.

आपल्याकडे कुणाला रिकाम्या हातानं वाटेला लावत नाहीत. सकाळी मी विश्रामबागेतल्या एका दुकानातून त्याच्यासाठी खेळणं आणलं. लाल रबराचं, एकावर एक तीन लाडू ठेवावेत तसं, आतून पोकळ. पोकळीत खाऊ भरायचा, मग कुत्रं ते चावत-चाटत तासभर गुंतून राहतं, असं दुकानातल्या बाई म्हणाल्या. मी त्यात साजूक तुपातला शिरा भरला. नेमगोंडांनीच पाठवलेले बेदाणे सढळ हातानं घातले आणि सगळं फ्रीजरमध्ये ठेवलं. जाताना बरोबर देईन. तेवढीच मनाची टोचणी कमी.

पंखा टकटक करतोय. कुर्रकुर्र थांबतं. टकटक चालू राहते, पण ती आता पंख्याची नाही.

ती रबर दाबायच्या प्रेसची आहे. मी कारखान्यात उभी आहे. एका खंडेनवमीला मशिनांच्या पूजेला आले होते तेवढीच मी इथं आलेली, पण वास मला पाठ आहे: तापलेलं रबर आणि त्यावर उदबत्ती. प्रेसच्या पलीकडे माझा ओटा आहे, पुसलेला, कोपऱ्यात ओलं फडकं. ओट्याशी स्टुलावर कांचनआक्का बसल्या आहेत. पुढ्यात पंपाच्या वायसरांचा ढीग. हात मनगटापर्यंत पांढरे. रबर एकमेकाला चिकटू नये म्हणून त्यावर शंखजिऱ्याची पूड टाकतात, ती त्यांच्या हातांवर कायम असायची. घरी येऊन साबणानं धुतली तरी नखांच्या कडेला उरायची.

मला भीती वाटत नाही. उलट जरा रागच येतो. आमच्यात मेलेला माणूस असा मागं रेंगाळत नाही. जीव सुटला की सुटला, लगेच दुसऱ्या जन्माला लागतो.

"आक्का, तुम्ही अजून इथंच?" मी विचारते.

"शिफ्ट सुटायची हाय," त्या म्हणतात. मान वर करत नाहीत. "हातात काय हाय तुझ्या?"

माझ्या हातात ते लाल खेळणं आहे. फ्रीजरमधून आत्ताच काढल्यासारखं गार. मी ते पुढं करते, पण त्या घेत नाहीत. आधी बाकीचं बघू म्हणतात आणि उठतात. मी त्यांच्या मागून निघते. तीन पावलं चालतो तोच आम्ही देवळापाशी असतो, चपला ठेवायच्या मांडणीसमोर. दर चतुर्दशीला आम्ही दोघी इथं एकाच खणात चपला ठेवायचो, बोलत नसलो तरी. आज खणाखणात चपला नाहीत, कुत्र्यांची खेळणी आहेत. प्रत्येकाला बिल्ला बांधलाय.

आक्का वरच्या खणातून पांढरं, टणक, हाडाच्या आकाराचं काहीतरी काढतात. त्यावर अंगठ्याचं नख रोवतात. ते नख मला माहीत आहे, रुंद, पिवळसर, मधोमध एक रेघ असलेलं. कारखान्यात रबराचा कडकपणा मोजायला काटा होता, साहेब लोक होते, पण माल पाठवायच्या आधी शेवटी सगळे आक्कांच्या नखाकडे बघायचे. आता त्या नख दाबतात, पुन्हा दाबतात, आणि ते हाडूक मांडणीवर आपटतात. ठक्क आवाज होतो.

"नख रुतत न्हाई. ह्याच्यावर दात मोडंल," त्या म्हणतात.

मग एक छोटा चेंडू. तो त्या आपल्या मुठीत घालतात आणि मूठ मिटतात. मूठ हवालदाराचा जबडा आहे, हे मला न सांगता कळतं. चेंडू सरकत मागं जातो आणि दिसेनासा होतो. घशात अडकेल असला छोटा जिन्नस नको, तोंडात पुरता मावणार नाही असंच घ्यायचं, एवढं त्या मला समजावून सांगतात, अगदी नव्या मुलीला काम शिकवावं तसं. मग एक मऊ, गुलाबी, पिल्लांसाठीचं. त्याचा कोपरा त्या चिमटीत धरून ओढतात तर तुकडा सुटून हातात येतो. दातात दम असलेलं कुत्रं हे चार चाव्यांत गिळेल, म्हणतात, आणि बिल्ल्यासकट परत ठेवतात.

मला वाटतं, मी त्यांना सहा वर्षांत एकदासुद्धा विचारलं नाही की वर तुम्ही त्याला काय चावायला देता. वर असताना त्यानं एक चप्पल फाडली नव्हती.

"आता तुझं दाखव," आक्का म्हणतात.

मी लाल खेळणं देते. त्या नख रोवतात. नख आत जातं, त्या काढून घेतात, आणि खळगा हळूहळू भरून येतो.

"रबर बरं हाय."

मी इतकी खूश होते की माझी मलाच लाज वाटते. तीस वर्षांत या बाईनं माझी एक भाजी चांगली म्हटली नव्हती. पण त्या थांबत नाहीत. खेळणं उलटं करतात, बूड बघतात, बोटानं चाचपतात. बुडाला काही नाही. बंद आहे.

"हवेला वाट कुठनं?" त्या विचारतात.

हे विचारताना त्या पलंगावर आहेत. मांडणी गेली, देऊळ गेलं. हा दवाखान्याचा तोच लांबट वॉर्ड, खिडकीत तेच हिरवं फडकं. आक्कांच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क आहे आणि तरी त्यांचं बोलणं स्वच्छ ऐकू येतंय. मला कळत नाही असं बघून त्या शेजारच्या स्टुलावरचा स्टीलचा पेला उचलून माझ्या हातात देतात.

"भूपाल लहानपणी ह्यो खेळ करायचा. आठवतंय तुला? न्हाई, तू कुठनं बघणार."

भूपाल म्हणजे आमचे हे. मी बघितलं नाही, पण ह्यांनी सांगितलेलं आहे. पेला तोंडाला लावायचा, आतली हवा ओढून घ्यायची, पेला ओठांना चिकटून लोंबकळतो. एकदा तो निघेचना. आक्कांनी कडेनं चमच्याचं टोक घालून सोडवला, आणि ह्यांच्या तोंडाभोवती आठवडाभर लाल कडं होतं. मी पेला तोंडाला लावते, ओढते. ओठ आत खेचले जातात, दुखतात. तेवढ्यात आक्का आपली करंगळी कडेतून घालतात आणि पेला सुटतो.

"कुत्र्याची जीभ तशी आत अडकती," त्या म्हणतात. "चाटून चाटून आतली हवा संपती, जीभ सुजती, मग वढून निघत न्हाई. एकच तोंड असलेलं भांडं कुत्र्याला द्यायचं न्हाई. दुसऱ्या बाजूनं हवेला वाट पायजे."

मी मान हलवते. त्या मास्क बाजूला करून खेळण्यातला शिरा बोटानं उकरतात आणि त्यातले बेदाणे एकेक करून वेचायला लागतात. वेचून दवाखान्याच्या ताटात ठेवतात. हे मात्र मी खरोखर बघितलंय. सणावाराला मी वर शिऱ्याची वाटी द्यायची, आणि आक्का जिन्यातच बसून बेदाणे बाजूला काढायच्या, मग उरलेल्यातलं घासभर हवालदाराला. मला वाटायचं, बेदाणे स्वतःला ठेवून घेतात. चिकटपणा, दुसरं काय. मी हे शेजारणीलाही हसत सांगितलं होतं.

"कुत्र्याला बेदाणा इखासारका. किडन्या जात्यात," आक्का म्हणतात.

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तू कवा इचारलंस?"

ताटातले बेदाणे वाढत चालले आहेत. खेळण्यात मी घातले होते मूठभर, ताटात किलोभर दिसताहेत, आणि ते ताटातून सांडून पलंगावर, पलंगावरून जमिनीवर. मी वाकून गोळा करायला जाते आणि वर बघते तर वॉर्ड नाही. जाळ्यांचे मजले आहेत, एकावर एक, आणि सगळ्यांवर पिवळेहिरवे बेदाणे वाळत घातलेले. नेमगोंडांची शेड. वारा आरपार जातोय. खाली जमिनीवर ठिकठिकाणी बेदाणे पडलेत. एका खांबाला साखळी बांधली आहे. खांब जवळून बघितला तर तो माझ्या दिवाणाचा पाय आहे, अर्धा खाल्लेला.

साखळीला हवालदार आहे. दोन पायांत लाल खेळणं धरून तो चाटतोय.

आक्का माझ्या बाजूला उभ्या आहेत. त्या माझ्यावर रागावलेल्या नाहीत. मला वाटतं, त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या काम समजावतात, शिफ्ट सुटायच्या आधी पुढच्या बाईला सांगतात तसं. खाऊ पहिल्यांदा सैल भरायचा, पटकन निघेल असा, म्हणजे त्याला गोडी लागते. गोठवायचं ते नंतर. आत जेवढं भरलं तेवढं त्याच्या जेवणातून कमी करायचं. रोज धुवायचं, आतून घासायचं. रोज नख लावून बघायचं, चीर पडली की फेकून द्यायचं, जीव गुंतवायचा नाही.

"आणि खेळणं देऊन उटून जायचं न्हाई. म्होरं बसायचं," त्या म्हणतात.

"किती वेळ?"

"त्याचं हुईस्तवर."

मी इकडे तिकडे बघते. शेड रिकामी आहे. नेमगोंडांना हाक मारते, त्यांच्या गड्यांना हाक मारते. माझा आवाज जाळ्यांतून पार निघून जातो. एका बाजूला आक्कांचं कारखान्यातलं स्टूल आहे, त्यावर कुणी नाही.

"हितं कोण बसंल ह्येच्याजवळ?" आक्का विचारतात.

हा प्रश्न त्यांनी मला आधी एकदा विचारला होता, त्या वॉर्डात, शेवटच्या आदल्या दिवशी. तेव्हा मास्कमुळे त्यांना दोनच शब्द जमले: हवालदाराचं काय. आणि मी पिशवीतला डबा काढता काढता म्हणाले, बघू. एवढंच. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, नुसतं बघू. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी डब्याचं झाकण उघडत राहिले. आठ महिने मला तो शब्द टोचतोय, आणि मी तो कुणालाच सांगितलेला नाही.

आत्ताही तोच जिभेवर येतो. मी तोंड उघडते, पण जीभ हलत नाही. कुठंतरी आतल्या बाजूला ती चिकटून बसली आहे, हवेला वाट नसल्यासारखी.

आक्का वाकून हवालदाराच्या पायांतून खेळणं काढून घेतात, तो देतो, आणि त्याच्या बंद बुडावर आपला पांढरा अंगठा दाबतात.

"हितं," त्या म्हणतात. "भोक पाडायचा पंच वर ट्रंकेत हाय. रबर कापताना साबणाचं पाणी लाव, न्हाईतर अडकतंय."

कारखान्याचा भोंगा होतो. आक्का पदराला हात पुसतात, आणि मग त्या नसतात, स्टूलही नसतं.

भोंगा शेजारच्या कुकरचा आहे. साडेतीन वाजलेत. लाईट गेलीय, पंखा थांबलाय, माझी उशी ओली झाली आहे. हवालदारानं दिवाण सोडून माझ्या लोंबत्या हातावर हनुवटी ठेवली आहे आणि तो माझ्याकडे बघतोय.

मी उठून फ्रीजर उघडते. खेळणं वाटीत आहे तसं आहे, शिऱ्यानं भरलेलं तोंड वर करून. मी ते उलटं करते. बुडावर एक पांढरा अंगठा उमटलाय.

बर्फ असेल, मी स्वतःला सांगते. पण बाकीच्या लाल रबरावर बर्फाचा कण नाही. मी बोट फिरवते. ते वितळत नाही, ओलं होत नाही. बोटाला गुळगुळीत पूड लागते. आमच्या घरात पावडर लावणारं कुणी नाही, ह्यांना शिंका येतात म्हणून. मी ह्यांना हलवून उठवते आणि ते त्यांच्या नाकाखाली धरते. ते डोळे किलकिले करून वास घेतात, मग उठून बसतात.

"शंखजिरं," ते म्हणतात. खेळणं माझ्या हातात परत देताना अंगठ्याला धक्का लागू नये अशा बेतानं देतात.

जनावरांच्या डॉक्टरांना मी फोन करते. बेदाणे म्हटल्याबरोबर ते मला मधेच थांबवतात. अजिबात नाही, म्हणतात, थोडे खाल्ले तरी काही कुत्र्यांच्या किडन्या बंद पडतात, आणि खाल्ले असतील तर आत्ताच्या आत्ता घेऊन या. खाल्ले नाहीत, मी म्हणते. एकाच तोंडाच्या खेळण्याचंही विचारते. तेही आक्कांचंच बोलतात, शब्द वेगळे. भोक पाडलंच तर कडा गुळगुळीत हवी, कुठं तुकडा लोंबता नको, एवढं वरून सांगतात.

शिरा मी झाकणाच्या बादलीत टाकते आणि वर जाते. आठ महिन्यांत मी ती ट्रंक उघडलेली नाही. पंच सगळ्यांत वर आहे, पोकळ तोंडाचा, करंगळीएवढा, तेल पुसलेल्या फडक्यात गुंडाळलेला. खाली येऊन खेळण्यात लाकडाचा ठोकळा घालते, पंचाला साबणाचं पाणी लावते, पांढऱ्या अंगठ्याच्या बरोबर मधोमध धरते आणि हातोडीचे तीन घाव घालते. रबर अडकत नाही.

मग मी ते आतून-बाहेरून घासून धुते. कडेवरून बोट फिरवते. नख रोवते. खळगा भरून येतो.

"नेमगोंडाला काय सांगू?" हे विचारतात. फोन त्यांच्या हातात आहे, कधीपासून आहे कोण जाणे.

"सांगा, इथं त्याच्याजवळ बसायला माणूस आहे."

ह्यांचा चेहरा एवढा सैल झालेला मी आक्का गेल्यापासून बघितला नव्हता. ते फोन घेऊन अंगणात जातात. माझ्यासमोर त्यांना बोलता येणार नाही, हे मला समजतं.

बिनमिठाचा दहीभात आणि उकडलेला लाल भोपळा मी सैलसर भरते. हवालदाराला फरशीवर देते आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसते. तो आधी माझ्याकडे बघतो, मग खेळण्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी हलत नाही. तो खाली वाकतो आणि चाटायला लागतो. दुसऱ्या बाजूच्या भोकातून बारीक फुस्स आवाज येतो. हवा आत-बाहेर करतेय.

माझ्या मुठीत पंचातून निघालेली रबराची चकती आहे, शेंगदाण्याएवढी. एका बाजूनं लाल. दुसऱ्या बाजूवर पांढऱ्या पुडीत अंगठ्याच्या रेघा, मधल्या तेवढ्या, गोल गोल. मी मूठ मिटते, डोळे पुसते, आणि आठ महिन्यांपूर्वी द्यायचं राहिलेलं उत्तर त्या चकतीला देते.

"राहील, आक्का. माझ्याजवळ राहील."